मुलाखतीतील देहबोली : समज आणि वस्तुस्थिती

केंद्र सरकारच्या कनिष्ठ स्तरावरील पदांच्या भरतीतून मुलाखतीचा टप्पा १ जानेवारी २०१६ पासून वगळण्यात आला. नागरी सेवांसारख्या वरिष्ठ पदांसाठी आणि खाजगी क्षेत्रात मात्र मुलाखतीचे महत्त्व कायम आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी १७५० गुण लेखी परीक्षेला, तर २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. नवी दिल्लीतील धोलपूर हाऊसमध्ये होणाऱ्या या चाचणीपूर्वी अनेक उमेदवारांना, विशेषतः ग्रामीण भागातून आलेल्यांना, आपल्या बसण्या-बोलण्याचीच अधिक चिंता वाटते.

या चिंतेत एका आकडेवारीने भर घातली आहे. संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे अनेक मार्गदर्शन वर्गांत सांगितले जाते. हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आले. शब्द, स्वर आणि चेहरा परस्परविरोधी असतील, तर ऐकणारा वक्त्याच्या भावनेचा अंदाज कशावरून बांधतो, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. धोरणविषयक प्रश्नाच्या उत्तराला हे प्रमाण लागू होत नाही, आणि सर्व संवादाला ते लावू नये, असे स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केले आहे.

आयोगाच्या अधिसूचनेनुसारही ही चाचणी म्हणजे काटेकोर उलटतपासणी नसून स्वाभाविक, पण हेतुपूर्ण संभाषण असते. उमेदवाराची बौद्धिक सतर्कता, सुस्पष्ट व तर्कशुद्ध मांडणी, समतोल निर्णयशक्ती आणि सचोटी तिच्यातून पारखली जाते. त्यामुळे उत्तराची जागा देहबोली घेऊ शकत नाही. उत्तर ऐकणाऱ्यापर्यंत विनाअडथळा पोहोचावे, हेच तिचे काम आहे.

प्रवेश आणि आसन

अनुमती घेऊन कक्षात प्रवेश करावा, सर्वांना अभिवादन करावे आणि बसण्यास सांगितल्यानंतरच बसावे. आपण होऊन हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नये. मंडळाने हात पुढे केल्यास तो संकोच न करता स्वीकारावा. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्यास अस्वस्थता दिसते, तर फार रेलून बसल्यास बेफिकिरी. पाठ ताठ, खांदे सैल आणि हात मांडीवर ठेवणे सोयीचे ठरते. पाय हलविणे, पेनाशी वा अंगठीशी चाळा करणे टाळावे.

नजर

वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर देऊ नये, असे संस्कार आपल्याकडे अनेक घरांत होतात. मात्र मुलाखतीत सतत खाली पाहिल्यास त्याचा अर्थ आत्मविश्वासाचा अभाव असा लावला जाण्याची शक्यता असते. प्रश्न विचारणाऱ्या सदस्याकडे पाहून उत्तरास प्रारंभ करावा आणि बोलताना अन्य सदस्यांकडेही दृष्टी वळवावी. टक लावून पाहण्याची आवश्यकता नसते. मराठीतून मुलाखत देणाऱ्यांसमोर दुभाषी असल्यास नजर नकळत त्याच्याकडे वळते. परंतु संभाषण मंडळाशी आहे, हे लक्षात ठेवून प्रश्नकर्त्याकडेच पाहावे आणि छोट्या वाक्यांत बोलावे, म्हणजे भाषांतरही नेमके होते.

अडचणीचा प्रश्न

देहबोलीची खरी कसोटी उत्तर येत नसताना लागते. अशा वेळी छताकडे पाहणे, ओशाळवाणे हसणे किंवा घाईने काहीतरी सांगणे यापेक्षा क्षणभर थांबून, ‘क्षमा करा, याची मला माहिती नाही’, असे शांतपणे सांगणे श्रेयस्कर. सदस्याने मतभेद व्यक्त केल्यास हाताची घडी घालण्याचा वा मध्येच तोडून बोलण्याचा मोह आवरावा. त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून मगच आपली बाजू मांडावी.

सराव

या सवयी एका दिवसात बदलत नाहीत. मोबाईलवर सराव मुलाखतीचे चित्रण करून आधी आवाज बंद ठेवून हालचाली पाहाव्यात आणि नंतर केवळ आवाज ऐकावा. एका वेळी एकच सवय सुधारण्याचे ठरवावे. पाठ केलेले हास्य आणि घोटवलेले हातवारे अनुभवी सदस्यांच्या लगेच लक्षात येतात. विषयाची तयारी पक्की असेल, तर निम्मी अस्वस्थता आपोआप कमी होते आणि उमेदवाराला स्वतःच्या हातापायांचा विसर पडून संभाषणाकडे लक्ष देता येते.