नंगलचा हायड्रोजन

सतलज नदी शिवालिकचे डोंगर मागे टाकून पंजाबच्या सपाटीस लागते तेथे, नया नंगल येथे, 1961 साली जो खतकारखाना सुरू झाला, त्याचे वैशिष्ट्य हे की, सिंद्रीच्या आधीच्या खतकारखान्यास जो हायड्रोजन कोळशाच्या आधाराने मिळवावा लागे, तो येथे केवळ पाणी आणि वीज यांच्यापासून निर्माण होत असे. 1954 साली नंगलचा जलविद्युत कालवा वाहता झाला, पाठोपाठ गंगुवाल व कोटला येथील वीजगृहे चालू झाली आणि भाक्रा धरणाची वीज यावयाची होती. परंतु एवढी वीज नित्य घेणारे गिऱ्हाईक त्या मुलखात नव्हते. ही उणीव आणि शेतीला लागणारी खताची गरज या दोहोंची तजवीज सरकारने एकाच कारखान्यात केली.

विद्युतघटांच्या लांबच लांब रांगांतील क्षारयुक्त पाण्यातून एकदिश प्रवाह सोडला की एका अग्रावर हायड्रोजन व दुसऱ्यावर ऑक्सिजन यांचे बुडबुडे उठत, आणि त्यांची स्फोटक भेट घडू नये म्हणून दोहोंमध्ये पडदा असे. एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी सुमारे नऊ किलोग्रॅम पाणी आणि पन्नासाहून अधिक युनिट वीज खर्ची पडते. त्या हायड्रोजनाचा हवेतील नायट्रोजनशी प्रचंड दाबाखाली संयोग घडवून अमोनिया करीत, आणि त्यातून नायट्रिक आम्ल व चुनखडी यांच्या साह्याने रयतेच्या शेतात पडणारे कॅल्शियम अमोनियम नायट्रेट सिद्ध होई.

याच प्रक्रियेने आणखी एक लाभ दिला. विघटन होताना हलका हायड्रोजन आधी निसटतो आणि जड हायड्रोजनाचा अंश मागील पाण्यात वाढत जातो. या गुणाचा उपयोग करून आणि द्रवरूप हायड्रोजनाच्या ऊर्ध्वपातनाची जोड देऊन 1962 साली भारतातील पहिला जड पाण्याचा कारखाना नंगलला उभा राहिला. तुर्भ्याच्या अणुभट्टीस जे जड पाणी परदेशातून आणावे लागले होते, ते या देशातच घडू लागले.

परंतु ज्या खताने पिके वाढविली, त्याच पिकांसाठी गावोगाव विहिरींवर विजेचे पंप बसले. शहरे आणि कारखाने यांचीही मागणी वाढली. पाऊस ओढ देई त्या वर्षी भाक्राचा जलाशय रिता राही आणि वीजवाटपातील कपात खतकारखान्याच्या वाट्याला येई. अखेर 1978 साली इंधनतेलावर चालणारा नवा विभाग कार्यान्वित झाला, आणि पुढे विद्युतविघटनाचे महत्त्व ओसरले.

2023 साली केंद्र सरकारने 19,744 कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले; त्यातला हायड्रोजनही मुख्यतः पाणी आणि वीज यांच्यापासूनच व्हावयाचा आहे. आज त्याखाली हायड्रोजन निर्मितीची प्रादेशिक जाळी आखताना नंगलचा इतिहास विसरून चालणार नाही. कारण तेथे विज्ञान हरले नाही, यंत्रेही हरली नाहीत, हरला तो विजेवरील हक्क. हायड्रोजनासाठी स्वतंत्र वीज उभी केल्यावाचून आणि टंचाईच्या काळातला तिचा वाटा करारानेच मुक्रर केल्यावाचून ही नवी जाळी टिकणार नाहीत, आणि हा बंदोबस्त पहिली वीट रचण्यापूर्वीच झाला पाहिजे.