चिमूटभर कापसाची साक्ष

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहितांना आपले लेखक कावसजी दावर, १८५४ सालची त्यांची कंपनी, परळ-लालबागच्या चिमण्या आणि १९८२ चा संप एवढ्यांवर बहुधा थांबतात. ज्या कापसावर हा सर्व संसार चालला त्याची परीक्षा कशी होत असे, हें क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः कापसाच्या भावाचा प्रश्न त्या परीक्षेंतच गुंतलेला होता.

जुनी परीक्षा हाताची. शिवडीच्या कॉटन ग्रीनवर गांठींतून काढलेला नमुना पारख्याच्या हातीं येई. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून तो ओढी, सुटलेले भाग एकावर एक ठेवी, पुन्हा ओढी. असें करतां करतां वेडेवांकडे तंतु एका दिशेस येत व त्यांची लांबी डोळ्यांस दिसे. शेवटीं एक झटका देऊन बळकटी अजमावावयाची. ह्या कसबाविषयीं मला आदरच आहे. परंतु तो पारखी बहुधा व्यापाऱ्याचा किंवा गिरणीचा माणूस असे, आणि वऱ्हाडांतल्या शेतकऱ्यापाशीं त्याच्या अंगठ्याशीं वाद घालण्याचें कांहीं साधन नव्हतें.

अंगठ्याच्या जागीं आंकडा आणण्याचा मोठा प्रयत्न माटुंग्यास झाला. भारतीय मध्यवर्ती कापूस समिति १९२१ सालीं स्थापन झाली, १९२३ च्या कायद्यानें तिला कापसावरील कराचें उत्पन्न मिळूं लागलें, आणि १९२४ सालीं तिनें माटुंग्याची प्रयोगशाळा उघडली. शेतकी खात्यांनीं काढलेल्या नव्या वाणांचें सूत कसें निघेल हें सांगणें हें तिचें मुख्य काम. त्यासाठीं तेथें एक छोटी गिरणीच बसविली होती. पहिले संचालक टर्नर, त्यांच्यामागून नझीर अहमद. हे अहमद केंब्रिज येथें रदरफर्ड यांच्या हाताखालीं शिकलेले. अणूचें अंतरंग शोधणाऱ्याच्या शिष्यानें कापसाकडे वळावें, ह्याचें कांहींना नवल वाटेल. मला वाटत नाहीं.

कारण हा तंतु मिलिमीटरच्या सुमारें साठाव्या भागाइतका रुंद, चपटा, पिळलेला, आणि चारपांच ग्रॅम भारानें तुटणारा. काँक्रीटचा ठोकळा दाबून पाहावयाचा असेल तर यंत्राची वरची पट्टी गोल बैठकीवर बसविलेली असते. ठोकळा किंचित् तिरपा असला तरी ती सांवरून घेते. तंतूला अशी बैठक कोण देणार? काळ्या मखमलीवर तो पसरावयाचा, चिमट्यानें उचलावयाचा, सरळ करावयाचा पण ताणावयाचा नाहीं, आणि मग त्याचीं टोकें पकडींत बसवावयाचीं. सैल राहिला तर त्याची वाढ खोटीच अधिक दिसते. आधींच ताणला गेला तर कमी दिसते. तिरपा बसला तर तो पकडीच्या कडेशींच तुटतो. मुंबईची हवाही मध्यें येते. दमट झालेला कापूस अधिक बळकट ठरतो. म्हणून परीक्षेच्या खोलींत ६५ टक्के आर्द्रता व आपल्याकडे २७ अंश उष्णमान राखावें लागतें.

इतकें करूनही पकडींमधील अंतराचा प्रश्न उरतोच. मँचेस्टरच्या शर्ली संस्थेंतील पिअर्स यांनीं १९२६ सालीं तो गणितानें मांडला. नमुना त्याच्या सर्वांत दुबळ्या जागीं तुटतो. लांब नमुन्यांत अशी जागा सांपडण्याचा संभव अधिक, म्हणून तो कमी भारानें तुटतो. तोच कापूस, तोच दिवस. अंतर बदललें कीं उत्तर बदललें!

एका तंतूवरून दुसऱ्याची खात्री देतां येत नाहीं आणि शेंकडों तंतु एकेक करून मांडण्यास दिवस लागतात, म्हणून पुंजका तोडण्याची रीत आली. अमेरिकेंत प्रेसली यांनीं १९४२ च्या सुमारास त्यासाठीं यंत्र पुढें आणलें. पुंजका विंचरून फितीसारखा सपाट करावयाचा, चामडें लावलेल्या दोन पकडींत आंवळावयाचा, बाहेरचीं टोकें कापावयाचीं, आणि तोडून झाल्यावर तो तोलावयाचा. भार भागिले वजन, हें त्याचें उत्तर. येथेंही मांडणीवरच सर्व अवलंबून. कांहीं तंतु ताठ आणि कांहीं सैल असले तर ताठ असलेले एकटेच भार घेऊन आधीं तुटतात, सैल मागाहून. सगळे मिळून कधीं झुंजतच नाहींत, आणि चांगला कापूस दुबळा ठरतो. उलट फार विंचरलें तर आंखूड तंतु फणीबरोबर निघून जातात व उरलेला पुंजका आपल्या गांठीपेक्षां सरस ठरतो. म्हणजे फणी किती वेळां फिरली हेंही आंकड्यांत शिरतें. अंगठ्याची जागा आंकड्यानें घेतली खरी, पण आंकड्याच्या मागें हात उरलाच. फरक एवढाच कीं ह्या हाताची रीत लिहून ठेवलेली आहे, आणि दुसऱ्या कोणास ती पुन्हा करून पाहतां येते. शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा फरक मी लहान मानीत नाहीं.

परळच्या बहुतेक गिरण्या गेल्या. माटुंग्याची संस्था १९९१ पासून केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था ह्या नांवानें चालूं आहे. आतां शीघ्र यंत्रें कापसाचा झुपका स्वतः पकडतात, विंचरतात, ब्रशानें झाडतात आणि इंचाच्या अष्टमांश अंतरावर तोडतात. त्यांचे आंकडे जुळवून घेण्यासाठीं आधीं परीक्षा झालेला प्रमाण कापूस अजूनही लागतोच. आपल्याकडची गांठ १७० किलोंची. प्रेसलीच्या पकडींत बसणारा पुंजका तीनचार मिलिग्रॅमांचा, म्हणजे त्या गांठीच्या चार कोटींव्या अंशाच्या आसपास.