दूरस्थ संगणक-समूहात ग्राफिकल प्रवेश

दूर ठेवलेल्या संगणक-समूहावर (क्लस्टरवर) चालणाऱ्या प्रोग्रामच्या विंडो आपल्या पडद्यावर उघडून माऊस व कीबोर्डने हाताळण्याची सोय. समूहावर काम करण्याचे रूढ साधन म्हणजे टर्मिनल. पण रेणूची रचना फिरवून पाहायची किंवा हवामान-प्रारूपाचे नकाशे तपासायचे, तर चित्र लागतेच. गणनेतून निघालेल्या फाइली शेकडो गिगाबाइटच्या असल्या, तर त्या उतरवून घेण्यापेक्षा चित्र तेवढे मागवणे सोपे जाते. या सोयीचे प्रकार एका प्रश्नावरून पडतात : चित्र कोणत्या यंत्रावर रेखाटले जाते?

एक्स विंडो प्रणाली : अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये या प्रणालीची सुरुवात केली. विद्यार्थ्यांसाठी संगणक-जाल उभारण्याचा संस्थेचा ‘प्रोजेक्ट अथेना’ तेव्हा चालू होता, आणि त्याला अशी प्रणाली हवी होती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डब्ल्यू’ ही विंडो प्रणाली तिची पूर्वज. आजही वापरात असलेली अकरावी आवृत्ती (एक्स ११) सप्टेंबर १९८७ मध्ये आली. तिच्यात पडदा, माऊस व कीबोर्ड सांभाळणारा ‘सर्व्हर’ वापरणाऱ्याच्या टेबलावर असतो, आणि समूहावरचा प्रोग्राम हा त्याचा ‘क्लायंट’. मूळ कल्पनेत क्लायंट चित्र पाठवत नाही. ‘येथे रेघ काढ, येथे अक्षरे मांड’ अशा सूचना पाठवतो. कोणत्या पडद्याला सूचना द्यायच्या, हे ‘डिस्प्ले’ या चलात लिहिलेले असते.

आरंभी हा संवाद जालावरून उघडाच वाहत असे. ‘एक्सहोस्ट’ कमांडने एखाद्या यंत्राला मुभा दिली, की त्या यंत्रावरील कोणालाही आपला पडदा पाहता येई व टाइप केलेली अक्षरे टिपता येत. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जालावर पासवर्ड चोरले गेल्यावर तेथील तातू यूलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा प्रोटोकॉल रचला, आणि एक्सची वाहतूक त्याच्या सुरक्षित बोगद्यातून जाऊ लागली. समूहाच्या बाजूला एसएसएच एक नकली पडदा उभा करते. त्याचा क्रमांक सहसा १० पासून सुरू होतो. ‘-एक्स’ या पर्यायाने क्लायंटवर निर्बंध राहतात, ‘-वाय’ने ते उठतात, डेबियन या लिनक्स वितरणाच्या मूळ मांडणीत मात्र दोन्ही सारखेच वागतात. विंडोजवर एक्समिंग किंवा मोबाएक्सटर्म व मॅकवर एक्सक्वार्ट्झ हे सर्व्हर वेगळे बसवावे लागतात.

एक्सचा दोष विलंबाचा. अनेक प्रोग्राम एक प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतात, मग पुढचा विचारतात. एका फेरीला २०० मिलिसेकंद लागत असतील आणि मेनू उघडण्यास ५० फेऱ्या, तर मेनूसाठी दहा सेकंद जातात. जोडणीची क्षमता वाढवून यात फरक पडत नाही. शिवाय जोडणी तुटली की प्रोग्रामही मरतो. इटलीतील नोमशीनच्या ‘एनएक्स’ने सूचना दाबून व उत्तरे जवळच देऊन फेऱ्या कमी केल्या. त्याचा तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचा गाभा मुक्त होता. ‘एक्सटूगो’ त्याच गाभ्यावर उभे आहे.

व्हीएनसी : केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये प्रसृत. येथे संपूर्ण पडदा समूहावरच रंगवला जातो व बदललेले तुकडे चित्ररूपाने येतात. लॅपटॉप मिटला तरी सत्र चालू राहते. मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात. म्हणून हीही वाहतूक एसएसएचमधून नेण्याचा प्रघात आहे. त्रिमितीय चित्रे समूहावरील ग्राफिक्स कार्डावर काढून घेण्यासाठी ‘व्हर्च्युअलजीएल’ची जोड देतात.

ब्राउझरमार्गे : ओहायो सुपरकंप्यूटर सेंटरचे ‘ओपन ऑनडिमांड’. वापरणाऱ्याला वेगळे काही बसवावे लागत नाही.

समूहातील वापर : समूहात प्रथम ज्या यंत्रावर प्रवेश मिळतो ते (लॉगिन नोड) सर्वांचे सामाईक असल्याने जड ग्राफिकल प्रोग्राम तेथे चालवू देत नाहीत. आधी स्लर्मसारख्या रांग-व्यवस्थेकडून प्रत्यक्ष गणना करणारे यंत्र (गणन-नोड) मागायचे, मग लॉगिन नोडमधून तेथवर बोगदा न्यायचा. रांग लांब असली की विंडो उघडण्यासही तेवढेच थांबावे लागते. पॅराव्ह्यू हा विदा-चित्रणाचा प्रोग्राम मात्र स्वतःच दोन भागांत चालतो : विदा समूहावर, बटणे आपल्याकडे.

भारत : पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानातील ‘परम ब्रह्म’ पुण्याच्या आयसर संस्थेत आहे, प्रवेश एसएसएचने.

वेलँड : क्रिस्तियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेला, एक्सची जागा घेऊ पाहणारा प्रोटोकॉल. जालावरून विंडो पाठवण्याची सोय त्याच्या गाभ्यात ठेवलेली नाही; हे कितपत योग्य, याबद्दल मतभेद आहेत. ‘वेपाइप’ हे स्वतंत्र साधन ती उणीव काही अंशी भरून काढते.

आरडीपी : दूरस्थ पडद्यासाठीचा मायक्रोसॉफ्टचा प्रोटोकॉल, लिनक्सवर ‘एक्सआरडीपी’मार्गे.