कुर्ल्याची फियाट

मुंबईत ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदविलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत 2023 मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर रीतसर मृत्युलेख लिहिले. परंतु तो शोक भाड्याच्या गाडीचा होता. खाजगी नोंदणीची तीच गाडी अजून कित्येक सोसायट्यांच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखाली उभी आहे, आणि दहावी-अकरावीतल्या मुलामुलीला हाताशी घेऊन ती पुन्हा चालती करण्याचा उद्योग जे आईबाप आरंभतात, त्यांच्या या हौसेची सोय जुन्या सरकारी धोरणाने, अर्थातच अजाणता, करून ठेवली आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम क्रायस्लरच्या डॉज व प्लिमथ या मोठ्या अमेरिकन मोटारी बाहेर पडल्या. इटलीच्या फियाटशी करारमदार झाला तो पुढे, 1950 च्या दशकाच्या आरंभी. त्याच सुमारास टॅरिफ कमिशनने असे मत दिले की परदेशातून पेट्यांत आलेले भाग येथे नुसते जोडणाऱ्यांना यापुढे थारा नसावा. परिणामी शिवडीला 1928 पासून हेच काम करणाऱ्या जनरल मोटर्सने 1954 मध्ये गाशा गुंडाळला, आणि मैदानात मुख्यतः कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड व आमची कुर्ल्याची प्रीमिअर एवढ्याच उरल्या. 1964 साली '1100 डिलाइट' आली; करार संपल्यावर तिचीच 'प्रेसिडेंट' व 1974 मध्ये 'पद्मिनी' झाली. नावे बदलली, परंतु 1089 घनसेंटिमीटरचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावरचा गिअर आणि तो चौकोनी बांधा हे सारे जवळजवळ शतक संपेपर्यंत टिकून राहिले.

स्पर्धा नाही, आयातीला बंदी, आणि अर्ज रुजू केल्यावर गाडी हाती पडायला वर्षेच्या वर्षे, अशा अवस्थेत कारखानदाराने सुधारणेचा उत्साह दाखविला नाही, याचे नवल नाही. गिऱ्हाइकाची यात सरळसरळ अडवणूक होती. मात्र त्या जडत्वाचा एक लाभ आज पदरी पडतो. तीन-साडेतीन दशके एकच यंत्र रस्त्यावर राहिल्यामुळे त्याचे सुटे भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात अद्यापि सापडतात, आणि त्याची नाडी ओळखणारे मिस्त्रीही शोधले तर भेटतात. ज्या मालकाला दुसरी गाडी मिळणे दुरापास्त होते, तो निम्मा मेकॅनिक झालाच.

मुलांना शिकविण्यास हे यंत्र उत्तम, कारण त्यात झाकलेले असे फार थोडे आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढावी, रोटर उचलावा, प्लग सैल करून पंख्याचा पट्टा हळूहळू ओढीत इंजिन फिरवावे, आणि पॉइंटची जोडी जेथे सर्वांत अधिक उघडते तेथे फिलर गेजचे पाते त्या फटीत सरकवावे. पाते किंचित अडखळत सरकले म्हणजे अंतर बरोबर. पंधरा वर्षांच्या मुलीला ठिणगीचा काळ म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकापेक्षा या अडखळण्यातून लवकर उमगते. बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचे हेड असल्याने गाडी तापू दिली की हेड वाकते आणि गॅस्केट जाते, हा पदार्थविज्ञानाचा धडा मात्र खर्चिक. तो तोंडीच द्यावा.

पत्र्याचे काम तेवढे मुलांच्या हाती देऊ नये. या गाडीला वेगळी चेसिस नाही, सारा भार सांगाड्यावरच आहे. त्यामुळे तळ गंजला तर केवळ शोभा जात नाही, बळच जाते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत तळच प्रथम जातो. डेंटिंगवाला त्यावर लांबी भरून रंग मारील व गाडी देखणीही दिसेल. म्हणून सौदा ठरविण्यापूर्वी पायाखालची रबरी चटई स्वतः उचलून पाहावी, आणि नोंदणीपुस्तकावरील नाव विकणाऱ्याचेच आहे याची खातरजमा करावी. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी 2022 च्या एप्रिलमध्ये 600 वरून 5000 रुपये झाली होती. आजची फी विचारून घ्यावी आणि ती गाडीच्या किमतीतच धरावी. आणि मुलाने इंजिन उघडून पुन्हा बसविले, तरी अठरा वर्षे पुरी होईपर्यंत किल्ली आईबापांनी आपल्याच खिशात ठेवावी.