बूलेत : फ्रेंच घरांतील एका पदार्थाचा इतिहास

फ्रेंच भाषेंत 'बूल' म्हणजे चेंडू किंवा गोळा. त्यास लघुत्वाचा प्रत्यय लागून 'बूलेत' हा शब्द सिद्ध झाला. खिम्यांत दुधांत भिजविलेला शिळा पाव, अंडें आणि बारीक चिरलेला कांदा मिसळावा, त्याच्या लहान गोळ्या वळाव्या, त्या लोण्यांत परतून मग सॉसांत मंदाग्नीवर शिजवाव्या, म्हणजे बूलेत तयार झाले. पदार्थ इतका साधा कीं बोलीभाषेंत 'बूलेत करणें' याचा अर्थ ढोबळ चूक करणें असा होऊन बसला आहे. अशा वस्तूचा इतिहास लिहावयास बसणें कित्येक वाचकांस पोरखेळ वाटेल. आमचें मत तसें नाहीं. राजाच्या पंक्तीस काय वाढलें गेलें यावरून त्या राज्याचें वैभव कळतें. परंतु काल उरलेल्या अन्नाचें आज काय केलें, यावरून तें राष्ट्र कसें जगलें हें कळतें. पहिल्या प्रकारचा इतिहास भाटांपासून बखरकारांपर्यंत सर्वांनीं लिहिला. दुसऱ्या प्रकारचा लिहावयास मात्र कोणी लेखणी सहसा उचललेली नाहीं. मांसाशन ज्यांस वर्ज्य आहे त्या वाचकांनींही हा लेख परका मानूं नये. आमचा विषय मांस नसून काटकसर हा आहे.

खिम्याच्या गोळीचा शोध फ्रेंचांनीं लावला, असें मात्र कोणी समजूं नये. आपिकियस या नांवाशीं निगडित असलेल्या रोमन पाकग्रंथांत कुटलेल्या मांसाचे अनेक प्रकार आहेत. इ. स. 1226 मध्यें बगदाद येथें रचल्या गेलेल्या अरबी पाकग्रंथांतही मांसाच्या गोळ्या आहेत. इराणी लोक या पदार्थास 'कोफ्ता', म्हणजे कुटलेलें, असें म्हणतात. स्पॅनिश भाषेंतील 'आल्बोंदिगा' आणि गोव्यास राज्य केलेल्या पोर्तुगीजांचा 'आल्मोंदेगा' हे दोन्ही शब्द 'बुंदुक', म्हणजे एक लहान टणक फळ, या अरबी शब्दापासून आलेले आहेत. आणि आपण मराठींत ज्यास निःशंकपणें खिमा म्हणतों तो शब्द मूळचा तुर्की आहे. एकंदरींत ही गोळी म्हणजे सार्‍या जुन्या जगाची सामाईक मिळकत होय. फ्रान्सनें तींत आपली म्हणून जी भर घातली, ती सॉसाच्या रूपानें घातली.

त्या सॉसाची हकीकत मनोरंजक आहे. सुमारें 1393 सालीं पॅरिसच्या एका वयस्क व सुखवस्तु गृहस्थानें आपल्या पंधरा वर्षांच्या पत्नीसाठीं संसारोपयोगी ग्रंथ लिहिला. तो 'ल मेनाजिये द पारी' या नांवानें प्रसिद्ध आहे. नोकरांस कसें वागवावें, बागेंत काय लावावें, स्वयंपाक कसा करावा, हें सर्व त्यांत आहे. आपल्यामागें तिला दुसरा पति मिळेल हें गृहीत धरून, त्याच्या घरीं आपल्या शिकवणुकीस बोल लागूं नये, अशी काळजी तो वाहतो. या काळचा फ्रेंच सॉस आजच्याहून अगदीं निराळा होता. त्यास दाटपणा येई तो भाजलेल्या पावाच्या कुटानें किंवा बदामानें. आंबटपणा सिर्क्याचा किंवा कच्च्या द्राक्षांच्या रसाचा. आणि सुवास आलें, दालचिनी, लवंग, मिरीं यांचा. आपल्याकडील मसाल्याच्या डब्याचा वाचकास त्यांत पदोपदीं भास होईल.

अडीचशें वर्षांनीं चित्र पालटलें. ला व्हारेन या बल्लवाचार्याचा 'ल क्विझिनिये फ्रांस्वा' हा ग्रंथ 1651 सालीं निघाला. त्यांत मसाले मागें सरले असून लोणी, मैदा, मांसरस आणि सुगंधी पाला यांस मान मिळाला आहे. या पालटाचें एक कारण अनेक इतिहासकार असें देतात कीं, पोर्तुगीज व डच गलबतें मलबारचीं मिरीं आणि पूर्वेकडील लवंग-जायफळ यांचे ढीग युरोपच्या बंदरांत ओतूं लागल्यावर मसाला ही केवळ श्रीमंतांची मिरासदारी राहिली नाहीं. आणि जी वस्तु वाण्याच्या दुकानांत मिळूं लागली, तिच्यांत थोरामोठ्यांस गोडी उरली नाहीं. हें कारण एकटें पुरेसें नसेल. परंतु आमच्या समुद्रकांठावरील मिर्‍यांच्या वेलाचा धागा फ्रेंच माणसाच्या ताटापर्यंत पोंचला होता, एवढें त्यावरून खास दिसतें. मैदा लोण्यांत परतून त्यांत मांसरस ओतावयाचा, ही जी 'रू' नांवाची कृति, ती पुढें फ्रेंच सॉसाचा पायाच होऊन बसली.

आतांपर्यंतची कथा मुदपाकखान्यांतील झाली. ती मध्यमवर्गाच्या चुलीपाशीं आणली मनों या लेखकानें. 1746 सालीं त्यानें 'ला क्विझिनियेर बुर्झ्वाझ' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. नांवांतील 'क्विझिनियेर' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. अर्थात् हें पुस्तक राजवाड्यांतील आचार्‍यासाठीं नसून नागरिकांच्या घरीं स्वयंपाक करणार्‍या बाईसाठीं आहे, हें मुखपृष्ठावरच जाहीर झालें. याच मनोंनें 1755 सालीं दरबारी भोजनांवर दुसरा ग्रंथ लिहिला. दोन्ही ग्रंथ एकाच हातचे. परंतु घरगुती पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या, राज्यक्रांति झाली, राजाचा शिरच्छेद झाला, तरी तें पुस्तक जिवंतच राहिलें. दरबार नाहींसा होतो, चूल विझत नाहीं, हें यावरून दिसून येईल.

त्या चुलीवर 'पोतोफ' नांवाचें मोठें भांडें असे. त्यांत गोमांस, गाजर, कांदे वगैरे घालून तासन्‌तास उकळावयाचें, रस आधीं प्यावयाचा आणि मांस मागाहून खावयाचें, असा प्रघात होता. या उकडलेल्या मांसाविषयीं ब्रिया-साव्हारें या रसिकशिरोमणीचें मत फार प्रतिकूल होतें. 1825 सालच्या आपल्या प्रख्यात ग्रंथांत, ज्याचा रस निघून गेला तें मांस मांसच नव्हे, असा निकाल त्यानें दिला, आणि आपल्यासारखे या विद्येचे 'प्राध्यापक' तें खात नाहींत, असेंही वर सांगितलें. आम्हीही नांवानें प्राध्यापकच. परंतु ज्या घरांत मांस आठवड्यांतून एखाद्या वेळींच शिजे, तेथें असला थाट चालण्यासारखा नव्हता, हें आम्हांस सांगितलें पाहिजे. गृहिणीनें त्या निःसत्त्व मांसाचा दुसर्‍या दिवशीं खिमा केला, त्यांत पाव, अंडें व कांदा घातला, गोळ्या वळल्या, आणि गेलेला रस सॉसाच्या रूपानें परत मिळविला. ब्रिया-साव्हारेंनें दोष दाखविला. या अनाम बाईनें तो दूर केला.

पावाची गोष्ट तर विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. अठराव्या शतकांतील फ्रेंच मजुराच्या मिळकतीचा मोठा भाग पावावर खर्च होई. 5 ऑक्टोबर 1789 रोजीं पॅरिसच्या हजारों बायका व्हर्सायवर चालून गेल्या, त्या पावासाठीं. अशा समाजांत शिळ्या पावाचा तुकडा टाकून देणें म्हणजे पापच. तो दुधांत भिजवून खिम्यांत कालविला, म्हणजे थोडें मांस अनेकांस पुरे. परंतु केवळ भर घालणें एवढेंच त्याचें कार्य नव्हे. मांसाचे तंतु उष्णतेनें आकसतात आणि आपलें पाणी बाहेर टाकतात. भिजलेल्या पावांतील पिष्ट तें पाणी धरून ठेवतें, आणि तंतूंस एकमेकांस घट्ट चिकटूं देत नाहीं. म्हणून पाव घातलेली गोळी मऊ होते, निव्वळ मांसाची दडस होते. गरिबीनें जी तडजोड करावयास लावली, तीच चवीच्या दृष्टीनेंही श्रेष्ठ ठरली.

आमच्या घरीं ही कृति मटणाच्या खिम्यावर केली जाते, तिचें प्रमाण देतों. खिमा 500 ग्रॅम, शिळा पाव 100 ग्रॅम व तो भिजेल इतकें दूध, एक अंडें, लोण्यांत मऊ केलेला एक कांदा, मीठ, मिरपूड आणि किंचित् जायफळ. गोळ्या लिंबाएवढ्या वळाव्या व सर्व बाजूंनीं तांबूस परताव्या. मग त्याच भांड्यांत 30 ग्रॅम लोणी व 30 ग्रॅम मैदा बदामी रंगावर परतून त्यांत अर्धा लिटर मांसरस थोडाथोडा ओतीत ढवळावें. तळाशीं चिकटलेला तांबूस खरवड सुटून सॉसांत उतरतो, आणि सारी लज्जत त्या खरवडींतच असते. गोळ्या त्यांत सोडून अर्धा तास मंद विस्तवावर ठेवाव्या. खळखळून उकळूं देऊं नये.

येथें एका शब्दाची मौज सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पक्ष्याच्या किंवा भाजीच्या पोटांत भरावयाच्या सारणास फ्रेंच 'फार्स' म्हणतात. मध्ययुगांत धार्मिक नाटकांच्या मध्यें हास्यकारक प्रवेश सारणासारखे भरले जात, त्यांसही तेंच नांव पडलें. तें इंग्रजींत गेलें, आणि इंग्रजीवाटे एकोणिसाव्या शतकांत मराठी रंगभूमीवर उतरलें. पौराणिक नाटक आटोपल्यावर 'फार्स' पाहावयास थांबणार्‍या आमच्या पणजोबांस आपण सारणाचें नांव घेत आहों, याची कल्पनाही नसेल. 'कटलेट' या शब्दाचीही तीच गत. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ बरगडीचा लहान तुकडा. आपल्याकडे येईतों बरगडी नाहींशी झाली आणि खिम्याची किंवा बटाट्याची चपटी वडी तेवढी उरली.

एकोणिसाव्या शतकांत फ्रेंच पाककलेस शास्त्राचें रूप आलें. कारेमनें सॉसांचीं घराणीं ठरविलीं. त्यानंतर एस्कोफियेनें 1903 सालच्या 'ल गीद क्युलिनेर' या ग्रंथांत त्यांची पुन्हा व्यवस्था लाविली, आणि अमेरिकेंतून आलेल्या टोमॅटोस मूळ सॉसांच्या पंक्तींत बसविलें. हे पुरुष थोर होते यांत शंका नाहीं. परंतु घरगुती स्वयंपाकाचीं पुस्तकेंही बहुधा पुरुषांनींच लिहावीं, याचा विचार केला पाहिजे. मनों पुरुष, 1818 पासून शतकभर खपलेल्या 'गांवच्या व शहरच्या स्वयंपाकिणी'चा कर्ता ओदो हाही पुरुष. मादाम सेंतांज यांचें गृहिणीच्या अनुभवानें ओथंबलेलें पुस्तक निघावयास 1927 साल उजाडावें लागलें. आपल्याकडे तरी काय झालें? मराठींतील आरंभींच्या छापील पाकग्रंथांपैकीं 'सूपशास्त्र' 1875 सालीं निघालें, तें रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या नांवावर. कमलाबाई ओगले यांची घरोघर पोंचलेली 'रुचिरा' 1970 ची. ज्या करीत आल्या त्या लिहीत नव्हत्या, आणि जे लिहीत आले त्यांना उरल्यासुरल्याची चिंता रोज वाहावी लागत नव्हती.

संकटकाळीं मात्र या अलिखित विद्येचें मोल सर्वांस कळलें. 1870-71 च्या वेढ्यांत पॅरिसचे लोक घोड्याचें मांस खाऊन जगले. श्रीमंतांच्या भोजनगृहांत प्राणिसंग्रहालयांतील हत्तीही शिजला, आणि इतिहासानें लक्षांत ठेवला तो हा हत्तीच. 1940 मध्यें फ्रान्स पडल्यावर पास्तर संस्थेंतील शास्त्रज्ञ एदुआर द पोमियान यांनीं टंचाईंतील स्वयंपाकावर पुस्तक लिहिलें. मोजून मिळणार्‍या शिध्याची ती पद्धति युद्ध संपल्यावरही 1949 पर्यंत पुरती उठली नव्हती. त्या नऊ वर्षांत मूठभर मांसांत पाव कालवून चार तोंडें भागविण्याची युक्ति कोणा आचार्यापासून नव्हे, आजीपासून शिकावी लागली. पुढें 1956 ते 1962 या काळांत ट्युनिशिया, मोरोक्को आणि अल्जीरिया स्वतंत्र झाले, तेव्हां तेथील ज्यू कुटुंबें मोठ्या संख्येनें फ्रान्सांत आलीं, आणि शुक्रवारच्या कुसकुसाबरोबर वाढावयाचे आपले मसालेदार बूलेत घेऊन आलीं. ला व्हारेननें दाराबाहेर काढलेली दालचिनी अशा रीतीनें तीनशें वर्षांनीं मागल्या दारानें घरांत आली.

2010 सालीं युनेस्को या जागतिक संस्थेनें फ्रेंचांच्या भोजनसमारंभास मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. मान योग्य आहे. परंतु तो समारंभाच्या पंक्तीस मिळाला. समारंभाच्या दुसर्‍या दिवशींचें जेवण कोणत्याही वारशांत मोजलें गेलें नाहीं. आपल्या घरांतही फोडणीचा भात, कुस्करलेली फोडणीची पोळी, ताकांत कालविलेली शिळी भाकरी यांस पाहुण्यांपुढें कोणी आणीत नाहीं, आणि पुस्तकांत त्यांस चार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. दुष्काळांत, महागाईंत आणि लष्करभरतीच्या दिवसांत आपलीं घरें कशीं तगलीं, हें ज्यास पुढें लिहावयाचें असेल, त्यास दफ्तरखान्यांत बाजारभावांचे आंकडे मिळतील. त्या भावांत घर कसें चालविलें, हें सांगणार्‍या बाया तोंवर राहिलेल्या नसतील. ज्यांच्या घरीं ऐंशीं वर्षांची आजी अजून चुलीपाशीं बसते, त्या वाचकांनीं तिला एकदां जवळ बसवून, काय उरलें असतां ती काय करी, हें प्रमाणासह लिहून घ्यावें, एवढीच आमची विनंति आहे.