तिसरा डबा : मुंबईचा प्लेग, एक समीकरण आणि आपला कोरोना

आजचा एपिसोड जरा गणिताचा आहे, पण पळू नका. गणित एवढंसंच आहे, गोष्ट मोठी आहे.

एप्रिल २०२०. लोकल २२ मार्चपासून सामान्य प्रवाशांसाठी बंद. आसनगाव स्टेशनवर सकाळी आठ वाजता चिमण्यांचा आवाज ऐकू येत होता, हे आयुष्यात पहिल्यांदा. नाशिक हायवेवरून मात्र माणसं चालत होती, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, कसारा घाटाच्या दिशेने. मी घरात बसून ऑफिसचं काम करायचो आणि रात्री, तेव्हा अर्ध्या जगातले इंजिनियर जे करत होते तेच, लॅपटॉपवर साथीचं मॉडेल चालवायचो.

त्या मॉडेलचं नाव एसआयआर. लोकांना तीन डब्यांत टाकायचं. पहिल्या डब्यात अजून लागण न झालेले, दुसऱ्यात लागण झालेले, तिसऱ्यात साथीच्या खेळातून बाहेर पडलेले. एक आजारी माणूस सरासरी किती जणांना आजार देतो, हा आकडा घाला, की आलेख तयार. कोरोनासाठी सुरुवातीला हा आकडा दोन ते तीनच्या आसपास धरत होते. पायथनच्या वीसेक ओळी. माझा आलेख डोंगरासारखा सुंदर वर गेला आणि खाली आला. मी तो व्हॉट्सॲपवर टाकलासुद्धा, 'पीक अमुक तारखेला' असं लिहून. (तारीख विचारू नका, लाज वाटते.)

मग सहज म्हणून मूळ पेपर शोधला. १९२७ सालचा, लेखक केर्मॅक आणि मॅकेंड्रिक, दोघंही एडिनबर्गचे. केर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरचं सगळं गणित त्यांनी डोक्यात केलं. मॅकेंड्रिक लष्करी डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. पेपरमध्ये एक आलेख आहे, समीकरण खऱ्या साथीला लागू पडतं हे दाखवायला. ती साथ कुठली?

मुंबईची! डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, प्लेगचे दर आठवड्याचे मृत्यू. सर्वात वाईट दिवसांत आठवड्याला ९०० च्या घरात. मी आसनगावात बसून वुहानच्या विषाणूसाठी जे समीकरण चालवत होतो, ते ज्या मृत्यूंवर तपासून पाहिलं गेलं ते आपल्याच लाइनच्या दुसऱ्या टोकाचे होते.

मुंबईत प्लेग आला तो १८९६ मध्ये. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. म्हणजे कायदा प्लेगचा आणि समीकरणही प्लेगचंच.

आता यातली गोम ऐका. प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाला होत नव्हता. आधी उंदीर मरायचे, मग त्यांच्या पिसवा माणसाला चावायच्या. शिवाय मुंबईत प्लेग ऋतूप्रमाणे यायचा, हिवाळ्यात चढायचा, उन्हाळा तापला की उतरायचा. म्हणजे आलेख खाली आला त्यात उन्हाळ्याचाही हात होता, नुसतं समीकरण नव्हे. उंदरांचा मुद्दा लेखकांना माहीत होता, त्यांनी तसं लिहिलंही आहे. तरी वक्ररेषा ठिपक्यांवर इतकी छान बसली की पुढची शंभर वर्षं ती पुस्तकांत छापली गेली. रेष बसली म्हणजे कारण सापडलं असं नाही. कोड चालला म्हणजे बरोबर आहे असं नसतं, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना तरी माहीत असायला हवं होतं.

माझी चूक वेगळी नव्हती. मॉडेल सगळ्यांना एकाच भांड्यात ढवळतं, जणू प्रत्येक जण प्रत्येकाला सारखाच भेटतो. खरी मुंबई तशी आहे का? जुलै २०२० मध्ये टीआयएफआर, नीती आयोग आणि महापालिकेने तीन वॉर्डांत रक्त तपासलं, सुमारे सात हजार नमुने. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, बाकी वस्तीत १६ टक्के. एकच वॉर्ड, एकच विषाणू! दाटी आणि सामायिक संडास यांनी हा फरक केला. 'दो गज की दूरी' ठेवायला आधी घरात दोन गज लागतात.

तेव्हा मी हिशेब केला होता. एक माणूस अडीच जणांना आजार देत असेल तर साठ टक्के लोकांना होऊन गेल्यावर साथ आपोआप ओसरते. ५७ म्हणजे जवळपास पोचलोच की! फेब्रुवारी २०२१ पासून लोकलही ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुरू झाली. मी निर्धास्त.

पण अडीच हा आकडा दगडावर कोरलेला नव्हता. विषाणू स्वतःची प्रत काढताना चुका करतो, आणि त्याचा जीनोम जवळजवळ तीस हजार अक्षरांचा. बहुतेक चुका फुकट जातात, एखादी कामाला येते. विदर्भात रुग्ण वाढू लागले, मार्चमध्ये 'डबल म्यूटंट' हा शब्द बातम्यांत आला, आणि त्याच घराण्यातला डेल्टा आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगाने पसरला. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांवर रुग्ण नोंदले गेले.

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या काकांना ताप आला. अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह, म्हणून आरटीपीसीआरला स्वॅब दिला. रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. कोरोनाचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढचे काही दिवस सगळ्यात जास्त संसर्ग देतो. म्हणजे रिपोर्ट आला तेव्हा इतरांसाठी त्याचा उपयोग संपलेला होता. मला हे वाचून माहीत होतं. त्या पाच दिवसांत मी काकांना फोनवर म्हणालो होतो, "काका, निगेटिव्ह आहे ना, मग काळजी नका करू." एका खोलीचं घर. काकू शेजारीच झोपत होत्या, खिडकी बंद, कारण काकांना थंडी वाजत होती. विषाणू हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलं ते त्याच महिन्याच्या अखेरीस. मार्च २०२० मध्ये त्यांनीच ट्विट करून सांगितलं होतं की तो हवेतून पसरत नाही.

काका बरे झाले. काकू गेल्या.

मागच्या महिन्यात या एपिसोडसाठी तो जुना कोड उघडला. तिसऱ्या डब्याच्या ओळीवर मीच तेव्हा कॉमेंट लिहून ठेवली होती : 'बरे झालेले किंवा मेलेले, समीकरणाला फरक पडत नाही'. केर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या पेपरमध्येही हे दोघं एकत्रच आहेत, आणि गणित म्हणून ते बरोबर आहे, कारण दोघंही आता कोणाला आजार देत नाहीत. काका आणि काकू एकाच डब्यात.

मी त्या ओळीचे दोन डबे केले. आलेख तसाच आला.