घणसोलीचा भूगोल आणि चाळीस गुणांचा पेपर

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातल्या दहावीच्या मुलांचा शेवटचा पेपर होता, भूगोलाचा. करोनामुळे तो आधी पुढे ढकलला गेला, एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले गेले. दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. पण त्याबद्दल एकही पालक हळहळलेला मला आठवत नाही. गणिताचा पेपर राहिला असता तर?

भूगोल हा आपल्याकडे परीक्षेपुरता पाठ करून विसरायचा विषय झाला आहे. ही विद्या मुळात अशी नव्हती. अल-मसुदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, स्वतः चौलला आला. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथली मुस्लिम वस्ती त्याने पाहिली आणि लिहून ठेवली. पुढे शंभरेक वर्षांनी अल-बिरूनीने ‘किताब-उल-हिंद’मध्ये कोकणची राजधानी म्हणून ठाण्याची नोंद केली. तो कोकणापर्यंत आला नव्हता, पण माहीतगारांना विचारून आणि अंतरे जुळवून त्याने लिहिले. त्याच ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर घणसोली गाव आहे.

या गावात शिकणाऱ्या मुलाचे पुस्तक उघडून पाहा. नववीला ‘सागरजलाचे गुणधर्म’ आणि ‘नागरीकरण’ हे धडे आहेत. दहावीचा पहिलाच धडा ‘क्षेत्रभेट’, आणि नंतरचे सारे पुस्तक भारत आणि ब्राझीलची तुलना करते. ब्राझील शिकू नये असे कोण म्हणेल? पण क्षारतेचा धडा या किनाऱ्याला नवा नाही. आगरी समाजाचे नावच आगराशी, मिठागराशी जोडलेले. खाडीकाठची भातशेती बांध घालून राखलेली. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारे पाणी आत आले आणि पीक गेले. उधाण आणि भांग हे पुस्तकातले शब्द इथल्या कोळ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. मुले मात्र ते व्याख्या म्हणून पाठ करतात.

नागरीकरणाचा धडा तर गावाच्या अंगावरून गेला. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसी आली. मग १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. आखली, हा शब्द इथे शब्दशः घ्या. नकाशावर रेघ ओढली गेली आणि रेघेच्या कुठल्या बाजूला कोणाचे शेत पडले, त्यावर घराण्यांचे नशीब ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले.

गावठाणाची रेघ मात्र कुटुंबे वाढली तशी वाढली नाही. मुलांची लग्ने झाली, घरे रेघेबाहेर गेली आणि कागदावर अनधिकृत ठरली. प्रमाण, हद्द, सर्व्हे नंबर या गोष्टी ज्याला वाचता येतात तो निदान योग्य कार्यालयात योग्य प्रश्न विचारू शकतो. ज्याला येत नाहीत त्याला दुसऱ्याच्या बोटाकडे पाहावे लागते. परीक्षेतला नकाशाचा प्रश्न मुले हमखास गुणांचा म्हणून आधी उरकतात, हे पाहिले की मला हे आठवते.

रेघा अजून ओढल्या जात आहेतच. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा घणसोलीवरून जातो, त्यातला सात किलोमीटर भाग खाडीखाली आहे. पूर्वेला पारसिकच्या डोंगराचा बसाल्ट, पश्चिमेला खारफुटी आणि रोहित पक्षी. ठाणे खाडीचे अभयारण्य २०२२ मध्ये रामसर यादीत गेले. दहावीच्या क्षेत्रभेटीसाठी इथल्या शाळांना बस ठरवायची गरज नाही. ओहोटीची वेळ बघून मुलांना चालत खाडीकडे न्यावे, परतताना गावठाणाची जुनी हद्द शोधायला लावावी. धड्यात सांगितल्याप्रमाणे प्रश्नावलीही लागेलच. घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी तिच्यात दोनच प्रश्न असले तरी चालतील: आपले शेत कुठे होते, आणि आज तिथे काय आहे?